कमाल किमतीची कमाल!

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की आमच्या शहरांतील बाजारपेठांना औदार्याचा जो झटका येतो, त्याचे वर्णन करावयास एखादा पुराणिकच हवा! कर्णाने आपली कवचकुंडले आयुष्यात एकदाच काढून दिली. आमचे व्यापारी दसऱ्याला देतात, दिवाळीला देतात, नाताळात देतात. आणि अलीकडे तर प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन यांनाही सवलतीच्या उत्सवाचे रूप देऊन त्यांनी आपल्या दातृत्वाला देशभक्तीची जोड दिली आहे. ‘निम्म्या किमतीत’, ‘एकावर एक फुकट’, ‘फक्त दोन दिवस’ अशा आरोळ्यांनी दुकानांच्या काचा, मोबाइलचे पडदे आणि वृत्तपत्रांची पहिली पाने भरून जातात. (त्या पानांत आमचीही पाने असतात, हे आम्ही येथेच कबूल करून टाकतो.) इतक्या सवलती पदरात पडूनही महिनाअखेरीस नोकरदार कुटुंबाचा जमाखर्च जुळत का नाही? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या आरोळीत शोधून सापडावयाचे नाही. ते वस्तूच्या वेष्टनावर सरकारी नियमानुसार छापलेल्या एका आकड्यात दडलेले आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी गेल्या दसऱ्याला मिक्सर घेतला. खोक्यावरील छापील किंमत ७,९९५ रुपये. दुकानातील फलकावर ती लाल रेघेने खोडलेली आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत, ‘सणाची खास किंमत ३,४९९ रुपये, ५६ टक्के सूट!’ जवळजवळ साडेचार हजार रुपये वाचविल्याच्या आनंदात गृहस्थ घरी परतले. तुळशीची लग्ने आटोपल्यावर ते सहज त्या दुकानावरून गेले, तेव्हा सण सरला होता, फलक उतरला होता, आणि तोच मिक्सर ३,३९९ रुपयांस मांडून ठेवलेला होता. त्यांनी जाब विचारला तेव्हा गल्ल्याजवळचा मुलगा निरागसपणे म्हणाला, ‘साहेब, छापील किमतीला हा मिक्सर कोणीच विकत नाही हो!’ त्या पोराने नकळत सारे मर्म सांगून टाकले. कोणीच त्या किमतीला विकत नसेल, तर ७,९९५ हा आकडा छापला तरी कशासाठी? विकण्यासाठी नव्हे, हे उघड आहे. तो खोडण्यासाठीच छापला होता.

वस्तुतः हा आकडा जन्मास आला तो ग्राहकाच्या रक्षणासाठी. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी पुड्यावर वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापण्याचे बंधन घातले, परंतु किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ अशी पुस्ती जोडण्याची मुभा ठेवली. या तीन शब्दांच्या आडोशाने कोणता दुकानदार किती कर सांगेल याचा नेम नसे, आणि साबणाच्या वडीवर खरा कर किती हे गिऱ्हाइकास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९९० मध्ये नियम बदलून ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ छापणे सक्तीचे झाले तेव्हा ही वाट बुजली. पुढे २००९ चा वैध मापन कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनी तीच तरतूद कायम ठेवली. ‘कमाल’ याचा अर्थ याच्या वर एक पैसाही नाही. रेल्वेच्या फलाटावर पाण्याच्या बाटलीला पाच रुपये अधिक मागणाऱ्या विक्रेत्याशी आज साधा प्रवासी हुज्जत घालू शकतो, तो या तरतुदीच्या बळावर. (हॉटेलात बसून तीच बाटली मागविली तर हे बळ उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरविले आहे, पण तो विषय निराळा.) तेव्हा या व्यवस्थेने काहीच साधले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. छापील किंमत ही खऱ्या विक्रीच्या किमतीच्या आसपासच राहील, कारण अवाच्या सवा आकडा छापला तर माल पडून राहील, अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी छत घातले, पण त्या छताची उंची ठरविण्याचा अधिकार उत्पादकाच्याच हाती ठेवला. मोजक्या औषधांसारखे अपवाद सोडले तर हा आकडा कोणत्या हिशेबाने आला, हे त्यास कोणी विचारीत नाही. वैध मापन निरीक्षक दुकानात आला तर तो किंमत छापली आहे ना, तिच्यावर खाडाखोड करून वाढीव दराने विक्री होत नाही ना, एवढे पाहतो. ती किंमत खरी आहे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच येत नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. स्पर्धा वाढली, प्रत्येकास दुसऱ्याहून मोठी टक्केवारी फलकावर लावावयाची निकड भासू लागली, आणि टक्केवारी मोठी दिसण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छत उंच करणे, हे चाणाक्ष व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. त्यासाठी विक्रीची किंमत एका रुपयानेही उतरविण्याची गरज नव्हती.

मिक्सर आणि सदरे यांच्या बाबतीत हा प्रकार हसण्यावारी नेता येईल. रुग्णालयाच्या दारात तो हसण्यासारखा राहत नाही. हृदयाच्या रोहिणीत बसविण्याच्या औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत २०१७ च्या प्रारंभी सुमारे १ लाख २१ हजार रुपये होती. त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने तिची कमाल मर्यादा २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवून दिली. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात होती, आणि त्यांतील कोणीही कायद्याचा भंग करीत नव्हता! छापील किमतीहून अधिक कोण घेत होते? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे व इतर साहित्य यांवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. प्राधिकरणाचे निरीक्षण असे होते की, रुग्णालये मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात आणि त्या जोरावर उत्पादकाकडून हवी तेवढी चढी किंमत छापून घेऊ शकतात. कमाल किमतीचा नियम मोडण्याची त्यांस गरजच पडत नाही. ग्राहकाचे संरक्षण म्हणून घातलेल्या नियमाची याहून विपरीत गत कोणती व्हावयाची? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातील ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट’ हा फलक वाचताना वाचकांनी हे आकडे मनाशी ठेवावेत. दुकानदार खोटे बोलत नसतो. तो खरोखरच २० टक्के सोडतो. प्रश्न एवढाच, की ते कशातून?

छत उंच करणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग याच्या उलट आहे. किंमत तीच ठेवावयाची आणि आतला माल कमी करावयाचा. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे चालले आहे. बिस्किटांचा पुडा दिसावयास तेवढाच, हातात घेतला की हलका. पूर्वी या युक्तीला एक आडकाठी होती. बिस्किटे, पाव, चहा, कॉफी, खाद्यतेल, साबण, मीठ, डाळी अशा १९ जिनसांची वेष्टने कोणत्या वजनांची असावीत हे २०११ च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत ठरवून दिलेले होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली आणि २०२२ पासून ही आडकाठी दूर झाली. तेव्हापासून तेलाच्या पिशव्यांकडे पाहावे. एके काळी एक लिटरची पिशवी म्हणजे एक लिटरची पिशवी असे. आता शेजारी शेजारी मांडलेल्या, सारख्याच फुगलेल्या तीन पिशव्यांत तीन निरनिराळी वजने असू शकतात, आणि घाईत असलेली गृहिणी वजन वाचीत नाही, ती पिशवी ओळखते. तेलाचा आणखी एक मासला सांगण्यासारखा आहे. तेल तापले की फुगते, म्हणून काही उत्पादक आपल्या पिशवीवर ‘१ लिटर’ या शब्दांबरोबर ६० अंश सेल्सिअसपर्यंतचे तपमान छापू लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यांस तपमानाचा उल्लेख काढण्यास सांगितले, तेव्हा हिशेबही दिला. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांस ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांस ८९२.६ ग्रॅम. पिशवीमागे सव्वीस ग्रॅमची ही बचत पदार्थविज्ञानाच्या कृपेने! कोणत्या वाण्याच्या दुकानात मे महिन्यातही ६० अंश तपमान असते, हे त्या उत्पादकांनी एकदा सांगावे.

अनुसूची काढताना सरकारने तिच्या मोबदल्यात एक गोष्ट दिली, हे सांगितले पाहिजे. आता प्रत्येक वेष्टनावर दर ग्रॅमला, दर किलोला वा दर लिटरला किती पडते ती एकक किंमत छापावी लागते. कल्पना उत्तम आहे आणि सुशिक्षित ग्राहकाने तिचा उपयोग करावयास हवा. पण तीतही दोन खोटी राहिल्या. एक किलोहून कमी मालावर ती ग्रॅमला सांगावयाची आणि अधिक मालावर किलोला; त्यामुळे एका पुड्यावर ‘०.२४ रुपये प्रति ग्रॅम’ आणि शेजारच्या मोठ्या पुड्यावर ‘२४५ रुपये प्रति किलो’ असे वाचून कोणता स्वस्त, हे गर्दीत उभ्या उभ्या मनात सोडवावे लागते. (छोटा स्वस्त आहे, आणि मोठा पुडा नेहमी स्वस्तच पडतो असे मानणाऱ्यांनी तर हा हिशेब अवश्य करावा.) दुसरी खोट याहून मोठी. ही एकक किंमत काढली जाते ती छापील कमाल किमतीवरून. जिचे पाणी आम्ही वर पाहिले तीच ती किंमत!

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अंकगणिताने पाहता करासह ११८ रुपयांस पडणारी वस्तू १०५ रुपयांस मिळावयास हवी. परंतु करकपातीचा लाभ ग्राहकास दिला नाही अशी नवी तक्रार दाखल करून घेण्याची नफेखोरीविरोधी व्यवस्था त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून बंद करण्यात आली होती. पहारेकऱ्यास रजा देऊन मग तिजोरी उघडण्याचा हा क्रम आम्हांस तरी उलगडलेला नाही.

आता जाहिरातींच्या भाषेकडे वळू. ‘७० टक्क्यांपर्यंत सूट’ या वाक्यातील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय मराठी व्याकरणात फारसे मानाचे नाही, परंतु व्यापारात त्याच्याएवढे कष्टाळू दुसरे अव्यय सापडणार नाही. फलकावर ते नेहमी सर्वांत बारीक टायपात असते आणि सर्व जबाबदारी तेच वाहते. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे. हजाराची वस्तू आधी पाचशेस येते, मग चारशेस, म्हणजे सूट ६० टक्के. दोनावर एक फुकट म्हणजे तेहतीस टक्के, आणि तेही गरज एकाचीच असताना तीन घेतले तर. ‘विनाव्याज हप्ता’ या गोड शब्दांचा इतिहास तर रिझर्व्ह बँकेनेच लिहून ठेवला आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने दडविलेले असते, असे सांगून तिने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा योजनांपासून परावृत्त केले होते. नाव थोडे बदलून ती मंडळी पुन्हा दारात उभी आहेत. रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळते ती हप्तेवाल्यास नाकारली की व्याज वसूल झाले, त्याचा उच्चार करण्याचे कारण उरत नाही.

काही ग्राहक मात्र हट्टी निघाले आणि त्यांच्या हट्टामुळे दोन निर्णय पदरात पडले. सरसकट ४० टक्के सूट जाहीर करून सवलतीच्या किमतीवर पुन्हा निराळा कर आकारणाऱ्या एका कंपनीस राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले, की छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, तेव्हा सुटीनंतर कर वेगळा मागणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. डिसेंबर २०२० मध्ये याच आयोगाने, आधी कल्पना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे मागण्याची मोठ्या दुकानांची रीतही अनुचित ठरविली. रक्कम दोन्ही वेळी क्षुल्लक होती. त्या क्षुल्लक रकमेसाठी जिल्हा मंचापासून दिल्लीपर्यंत जाणाऱ्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यातच काढले असेल.

व्यापाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती दडपून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, ‘आम्ही खरी किंमत सांगितली तर गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यालाच खोडलेला आकडा पाहावयाचा असतो.’ यात तथ्य आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी या जुन्या, मोठ्या दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये सेल आणि कूपने बंद करून बारा महिने एकच वाजवी किंमत ठेवण्याचा प्रयोग केला. एका वर्षात तिची विक्री सुमारे पंचवीस टक्क्यांनी घसरली, प्रयोग करणाऱ्या प्रमुखास २०१३ मध्ये जावे लागले आणि दुकानांत पुन्हा खोडलेले आकडे झळकू लागले. आमच्याकडेही ‘एकच भाव, घासाघीस करू नये’ या पाटीचा एके काळी दरारा होता. आज तशी पाटी लावणारा दुकानदार उद्धट ठरतो आणि आठ हजारांचे साडेतीन हजार करणारा उदार. यात कोपऱ्यावरचा छोटा वाणीही नाडला जातो, कारण मोठ्या साखळीस जी घाऊक सूट मिळते ती त्यास मिळत नाही, आणि जी सूट मुळात खोटीच आहे तिच्याशी तो स्पर्धा तरी कशी करणार? पण गिऱ्हाइकास मोह होतो म्हणून मोहात पाडणे क्षम्य ठरत नाही. एक दुकान एकटे खरे बोलू लागले तर बुडते, यावरून एवढेच सिद्ध होते की, खरे बोलण्याचे बंधन सर्वांवर एकाच वेळी घातले पाहिजे.

असे बंधन आमच्या कायद्यात नाही काय? शब्दांत आहे. १९८४ साली मक्तेदारी नियंत्रण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे कलम घालण्यात आले, त्यात एखादी वस्तू सामान्यतः ज्या किमतीस विकली जाते तिच्याविषयी जनतेची दिशाभूल करणे दोषास्पद ठरविले होते. ती तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीही त्याने जाहीर केली आहे. तथापि ‘सामान्यतः’ म्हणजे किती दिवस, कोणत्या दुकानात, किती विक्रीवर, हे कोठेच सांगितलेले नाही. त्यामुळे दुकानदार शांतपणे खोक्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘आम्ही छापील किंमतच खोडली, ती खोटी कशी?’

युरोपीय संघाने हा प्रश्न एका वाक्यात सोडविला. २०१९ च्या निर्देशानुसार मे २०२२ पासून तेथे सूट जाहीर करणाऱ्या दुकानदारास, त्या वस्तूची मागील ३० दिवसांतील आपली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. जर्मनीतील एका मोठ्या किराणा साखळीने केळ्यांवर २३ टक्के सूट दाखवून १.६९ युरोची किंमत खोडली, १.२९ ही नवी लिहिली, आणि खाली बारीक अक्षरांत प्रामाणिकपणे नमूद केले, की मागील ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमतही १.२९ च होती! प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. बारीक अक्षरांत खरे सांगून भागत नाही, सुटीची टक्केवारीच त्या सर्वांत कमी किमतीवरून काढली पाहिजे, असा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने दिला. या मापाने त्या केळ्यांवरील सूट शून्य टक्के ठरली. आमच्या गृहस्थांच्या मिक्सरचे काय झाले असते, ते वाचकांनीच ताडावे.

महाराष्ट्रात ग्राहकांच्या संघटनेस दीर्घ परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचे वाणसामान घाऊक भावाने एकत्र आणावयाचे, ही तिची रीत. तेथे कोणतीही किंमत खोडावी लागत नाही, कारण ती फुगविण्यात कोणाचा लाभ नसतो. परंतु मिक्सर, औषधे आणि मोबाइल यांसाठी प्रत्येक कुटुंबास अखेर बाजारातच जावे लागते, आणि बाजाराचा नियम सरकारलाच करावा लागतो.

त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची आवश्यकता नाही. वेष्टनांची ठराविक वजने ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये एका अधिसूचनेने काढून टाकली; तशाच अधिसूचनेने २०११ च्या नियमांत एक पोटनियम घालता येईल. खोडून दाखविलेली कोणतीही किंमत, मग ती दुकानातील फलकावर असो वा मोबाइलच्या पडद्यावर, त्या विक्रेत्याने मागील ३० दिवसांत प्रत्यक्ष आकारलेली सर्वांत कमी किंमत असली पाहिजे. छापील कमाल किमतीवरून सूट मोजता येणार नाही. आणि एकक किंमत विक्रीच्या किमतीवरून काढून फळीवर लावली पाहिजे. पोटनियमाचा भंग झाला की नाही हे दुकानाच्या बिलांवरून कोणत्याही निरीक्षकास अर्ध्या तासात पाहता येईल, कारण आज प्रत्येक मोठ्या दुकानाची प्रत्येक विक्री संगणकात नोंदलेली असते. मुंबई-पुण्याच्या खासदारांनी मंत्रिमहोदयांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की येत्या दसऱ्याच्या आत ही अधिसूचना काढण्यास त्यांना कोणती अडचण आहे.